गल्ला भरतो, मग नफा कुठे जातो?

प्रतिनिधी

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतील लहानमोठ्या दुकानांतून नव्या वहीची पूजा होते. पहिल्या पानावर 'शुभ-लाभ' लिहिले जाते, हळदकुंकू वाहिले जाते. अलीकडे वहीशेजारी संगणक आणि मोबाइलही पूजेला मांडलेले दिसतात. वर्षभर भरत आलेल्या जुन्या वहीच्या वाट्याला मात्र बहुधा माळाच येतो. जीएसटीची विवरणपत्रे गेली, कर सल्लागाराकडे कागद पोहोचले, की तिचे काम संपले असे मानले जाते. वास्तविक लाभ कुठून झाला आणि कुठून निसटला, याची सारी हकीकत त्याच वहीत नोंदलेली असते. ती वाचायची कशी, हे सांगणाऱ्या शास्त्राला आज 'बिझनेस अ‍ॅनालिटिक्स', म्हणजेच व्यवसाय विश्लेषण, असे नाव मिळाले आहे.

हे नाव ऐकले की मोठ्या कंपन्या, भलेमोठे संगणक आणि गलेलठ्ठ पगाराचे तज्ज्ञ डोळ्यांसमोर उभे राहतात. त्यामुळे किराणा दुकानदार, फरसाणवाले, औषधविक्रेते, छोटे कारखानदार आणि घरगुती पदार्थ विकणाऱ्या गृहिणी या वाटेला जातच नाहीत. परंतु लहान व्यवसायाला उपयोगी पडणारे विश्लेषण बहुतांशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि शेकडेवारी यांवरच उभे आहे. त्याला हवी असते ती नियमित नोंद आणि नोंदीला योग्य प्रश्न विचारण्याची सवय.

ही सवय आज अधिक गरजेची का झाली, याचे उत्तर शहरातल्या कोणत्याही रस्त्यावर मिळेल. काही मिनिटांत वाणसामान घरपोच देणाऱ्या कंपन्यांकडे कोणत्या इमारतीतून, कोणत्या वेळी, काय मागवले जाते याची नोंद असते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला ही माहिती नसते असे नाही. जोशीकाकूंना कोणता चहा लागतो, हे तो सांगू शकतो. पण ती सारी माहिती त्याच्या डोक्यात असते. तो आजारी पडला किंवा मुलगा गल्ल्यावर बसला, की तिचा उपयोग थांबतो. शिवाय स्मरणशक्ती गर्दीचा दिवस लक्षात ठेवते आणि शुकशुकाटाचे दहा दिवस विसरते. वहीचे तसे नसते.

चार साधे प्रश्न

व्यवसाय विश्लेषणाचे सार चार प्रश्नांत सांगता येते. काय घडले? ते का घडले? पुढे काय घडण्याचा संभव आहे? आणि त्यासाठी आज काय करावे? मोठ्या कंपन्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नासाठी गुंतागुंतीची गणिते वापरतात. लहान व्यावसायिकाने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नीट शोधली, तरी पुढच्या दोहोंची वाट बऱ्याच अंशी मोकळी होते.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण त्यातील गणित अनेकांना ओळखीचे वाटेल. समजा, एखाद्या उपनगरातील किराणा दुकानाची विक्री महिन्याला ६ लाख रुपये आहे. खरेदीची किंमत वजा जाता सरासरी १४ टक्के, म्हणजे ८४ हजार रुपये ढोबळ नफा राहतो. दुकानाचे भाडे २५ हजार, दोन मदतनिसांचा पगार २८ हजार, वीज ६ हजार आणि किरकोळ खर्च ५ हजार, असा एकूण ६४ हजारांचा खर्च आहे. हाती उरतात २० हजार रुपये.

आता या आकड्यांना पहिला प्रश्न विचारू. खर्च भरून निघण्यासाठी किती विक्री व्हायला हवी? ६४ हजारांना १४ टक्क्यांनी भागले, की उत्तर येते सुमारे ४ लाख ५७ हजार रुपये. दुकानाची रोजची सरासरी विक्री २० हजार आहे. याचा अर्थ महिन्याचे पहिले जवळजवळ २३ दिवस दुकानदार केवळ भाडे, पगार आणि विजेसाठी राबतो. त्याचे स्वतःचे उत्पन्न उरलेल्या सात दिवसांत होते. हे एकदा ध्यानात आले, की 'एक आठवडा दुकान थंड गेले' या वाक्याचा अर्थ बदलतो. तो आठवडा त्याच्या सबंध महिन्याच्या कमाईचा असू शकतो.

विक्री दहा टक्के घटली, तर काय होईल? विक्री ५ लाख ४० हजारांवर येईल, ढोबळ नफा ७५ हजार ६०० होईल आणि हाती ११ हजार ६०० रुपये राहतील. विक्री घटली दहा टक्क्यांनी, पण दुकानदाराची मिळकत घटली ४२ टक्क्यांनी. भाडे आणि पगार विक्रीसोबत कमी होत नाहीत, हे त्याचे कारण. 'गिऱ्हाइकी थोडीशीच कमी झाली आहे' असे म्हणणारा दुकानदार एकाएकी अडचणीत का येतो, याचा उलगडा या छोट्या हिशेबातून होतो.

रोग एक की दोन?

विक्री घटल्याचे कळले, तरी ती का घटली हा प्रश्न राहतोच. त्यासाठी एक सोपे सूत्र उपयोगी पडते. एकूण विक्री म्हणजे बिलांची संख्या गुणिले सरासरी बिल. आपल्या उदाहरणातील दुकानात महिन्याला ३ हजार बिले होतात, असे मानू. म्हणजे सरासरी बिल २०० रुपयांचे झाले.

विक्री ५ लाख ४० हजारांवर आली, ती दोन प्रकारे येऊ शकते. एकतर बिलांची संख्या २,७०० झाली आणि सरासरी बिल २०० रुपयेच राहिले. किंवा बिले पूर्वीइतकीच ३ हजार राहिली, पण सरासरी बिल १८० रुपयांवर उतरले. गल्ल्यातील रक्कम दोन्ही वेळा सारखीच असते, रोग मात्र वेगळे असतात.

पहिल्या प्रकारात फेऱ्या कमी झाल्या आहेत. जवळपास नवे दुकान उघडले असेल, एखाद्या इमारतीचे पुनर्विकासाचे काम निघून भाडेकरू पांगले असतील किंवा रस्त्याच्या खोदकामामुळे वर्दळ आटली असेल. दुसऱ्या प्रकारात माणसे येत आहेत, पण महिन्याची मोठी यादी दुसरीकडे देऊन आपल्याकडे केवळ पाव, दूध आणि अडीनडीच्या वस्तूंसाठी येत आहेत. पहिल्या रोगावर नवी गिऱ्हाइके शोधणे हा उपाय आहे. दुसऱ्या रोगावर महिन्याची यादी परत मिळवणे, ती फोनवर घेऊन घरपोच देणे, हा उपाय ठरू शकतो. रोग न ओळखता दोन्ही ठिकाणी दारावर 'सवलत' असा फलक लावला, तर काय होते?

सवलतीचे महाग गणित

शंभर रुपयांच्या विक्रीत १४ रुपये नफा असताना पाच टक्के सूट दिली, तर किंमत ९५ रुपये होते. खरेदी ८६ रुपयांची आहे, म्हणून नफा ९ रुपये उरतो. गिऱ्हाइकाला मिळालेली सूट पाच टक्क्यांची आहे, दुकानदाराने सोडलेला नफा मात्र ३६ टक्के आहे. पूर्वीइतकाच नफा रुपयांत हवा असेल, तर सुमारे ५६ टक्के अधिक माल विकावा लागेल. पाच टक्के सवलतीने खप निम्म्याहून अधिक वाढेल का, हा प्रश्न फलक रंगवायला देण्यापूर्वी विचारायला हवा.

याचा अर्थ सवलत देऊच नये असा नव्हे. मुदत संपत आलेला माल, हंगाम उलटून गेलेला माल किंवा दुकानात नव्या गिऱ्हाइकाला आणणारी एखादी निवडक वस्तू यांवर सवलत देणे शहाणपणाचे असते. सरसकट सवलत मात्र ज्याने पूर्ण किंमत आनंदाने दिली असती, त्याच्याही हातात पैसे परत ठेवते.

कोणता माल खरा कमावतो?

इटलीतील अर्थतज्ज्ञ विल्फ्रेडो पारेटो (१८४८-१९२३) यांनी संपत्तीच्या विषम वाटपाचा अभ्यास केला होता. पुढे गुणवत्ता व्यवस्थापनातील तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी त्यांच्या नावाने एक तत्त्व रूढ केले. थोड्या कारणांतून बहुतेक परिणाम घडतात, असे ते तत्त्व. त्यालाच '८०-२०' असेही म्हणतात. हे प्रमाण निसर्गनियमासारखे नेमके नसते, परंतु दुकानातील वस्तू नफ्याच्या उतरत्या क्रमाने लावून पाहिल्या, की थोड्या वस्तू बहुतेक कमाई करतात आणि पुष्कळ वस्तू केवळ फळी अडवतात, असे चित्र वारंवार दिसते.

यावर आधारलेली 'अ-ब-क' वर्गवारी कोणालाही करता येते. सर्वाधिक कमाई देणाऱ्या मोजक्या वस्तू 'अ' वर्गात, मधल्या 'ब' वर्गात आणि उरलेल्या 'क' वर्गात टाकाव्यात. 'अ' वर्गातील वस्तू एक दिवसही संपता कामा नये. त्यांचा साठा रोज मोजावा. 'क' वर्गातील वस्तूंचा साठा महिन्यातून एकदा पाहिला तरी चालतो. मात्र एखादी 'क' वस्तू न मिळाल्यास सारी यादीच दुसरीकडे जाते का, हेही पाहावे. हळदीकुंकवाची पुडी फारसा नफा देत नाही, पण ती नसेल तर पूजेचे सामान घ्यायला आलेले गिऱ्हाईक परत फिरते.

केवळ नफ्याच्या टक्केवारीवर भाळणे, ही इथली नेहमीची चूक आहे. समजा, खाद्यतेलावर खरेदी किमतीच्या ४ टक्के नफा आहे आणि एका महागड्या बिस्किटावर २५ टक्के. तेलात गुंतवलेले १० हजार रुपये सहा दिवसांत मोकळे होतात, म्हणजे महिन्यातून पाच वेळा फिरतात. ५० हजारांच्या मालावर ४ टक्क्यांनी २ हजार रुपये मिळतात. बिस्किटांतील १० हजार मोकळे व्हायला चार महिने लागतात. २,५०० रुपये नफा होतो खरा, पण महिन्याला पडतात अवघे ६२५. पैसा किती टक्के कमावतो याच्याइतकेच तो किती वेळा फिरतो, हे महत्त्वाचे आहे. जुन्या पेढीवाल्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. विश्लेषण ते प्रत्येक वस्तूबाबत कागदावर दाखवते.

माल केव्हा मागवावा, याचेही सूत्र आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडा राखीव साठा. एखाद्या पिठाच्या रोज ८ पिशव्या खपत असतील आणि घाऊक व्यापाऱ्याकडून माल यायला ४ दिवस लागत असतील, तर ३२ पिशव्या आणि राखीव १० मिळून ४२ पिशव्या उरल्या की मागणी नोंदवावी. शेवटची पिशवी विकल्यावर फोन करणाऱ्याला पुढचे चार दिवस 'उद्या या' असे म्हणत बसावे लागते.

पंचांग पाहून तुलना

गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करणे, ही सर्वत्र रूढ पद्धत आहे. परंतु आपल्या बाजारपेठेत ती फसवी ठरू शकते, कारण आपली खरेदी इंग्रजी महिन्यांपेक्षा सणांवर अधिक चालते आणि सण तिथींवर येतात. गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला होती. त्यामुळे ऑगस्ट २०२५ची विक्री ऑगस्ट २०२४पेक्षा वाढलेली दिसली, तर ती धंद्याची भरभराट नसून पंचांगाची करामत असू शकते. त्याच न्यायाने सप्टेंबरमधील घट पाहून घाबरण्याचेही कारण नाही. ज्येष्ठ महिना अधिक आल्यामुळे २०२६ची चतुर्थी पुन्हा १४ सप्टेंबरला जाते.

दिवाळीचेही तसेच. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, तर २०२५ साली सारी दिवाळी ऑक्टोबरमध्येच आटोपली. या दोन वर्षांच्या नोव्हेंबरची तुलना म्हणजे सणाच्या दिवसांची रिकाम्या दिवसांशी तुलना होय. यावर उपाय सोपा आहे. चतुर्थीपूर्वीचे १५ दिवस, धनत्रयोदशीपूर्वीचे १० दिवस, संपूर्ण श्रावण, नवरात्राचे नऊ दिवस, असे कप्पे करून वर्षावर्षांची तुलना करावी. उपवासाचे पदार्थ, पूजासाहित्य, मिठाई, कपडे किंवा फराळ विकणाऱ्यांना या एका सुधारणेचा मोठा लाभ होऊ शकतो. साबुदाणा किती भरावा किंवा चकलीची भाजणी किती दळावी, याचा अंदाज नुसत्या मनावर सोडावा लागत नाही.

पोह्यांसोबत शेंगदाणे

कोणत्या वस्तू एकत्र विकल्या जातात, हे शोधण्याच्या पद्धतीला 'बास्केट अ‍ॅनालिसिस' म्हणतात. संगणकशास्त्रात या विषयाचा पाया घालणाऱ्या १९९३ आणि १९९४ सालच्या शोधनिबंधांत राकेश अग्रवाल या भारतीय वंशाच्या संशोधकाचा प्रमुख वाटा होता. ते त्या वेळी आयबीएमच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत काम करीत होते. लाखो बिलांतून अशा जोड्या वेगाने कशा शोधाव्यात, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. लहान दुकानदाराला पाचशे बिले पुरतात.

समजा, ५०० बिलांपैकी १०० बिलांत शेंगदाणे आहेत. म्हणजे सर्वसाधारणपणे दर पाच गिऱ्हाइकांत एक जण शेंगदाणे घेतो. पण पोहे घेणाऱ्या १०० जणांपैकी ४० जणांनी शेंगदाणे घेतले असतील, तर हे प्रमाण दुप्पट झाले. अशा वस्तू शेजारी मांडाव्यात, पोह्यांची मागणी आली की 'शेंगदाणे आहेत ना घरी?' असे विचारावे आणि दोहोंवर एकाच वेळी सवलत देऊ नये, हा त्यातून मिळणारा बोध आहे. स्वयंपाकघर जाणणाऱ्याला ही जोडी नवीन नाही. परंतु अशा तपासणीत एखादी अनपेक्षित जोडीही सापडते आणि तिथेच तिचे मोल कळते.

उधारीची वये

दुकानापेक्षा छोट्या कारखानदाराचे दुखणे निराळे असते. त्याला विक्रीची चिंता कमी आणि वसुलीची अधिक असते. भोसरी, अंबड किंवा वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. कच्चा आणि तयार माल मिळून ४५ दिवस पडून राहतो. विकलेल्या मालाचे पैसे ६० दिवसांनी येतात. कच्चा माल देणारा ३० दिवस थांबतो. ४५ आणि ६० मिळून १०५, त्यातून ३० वजा जाता ७५ दिवस मालकाचा पैसा अडकतो. रोजचा खर्च २० हजार रुपये असेल, तर १५ लाख रुपये सतत गुंतलेले राहतात. ताळेबंदात नफा दिसत असताना पगाराच्या दिवशी मात्र बँकेत पैसे नसतात, ते यामुळेच.

वसुली केवळ १५ दिवसांनी अलीकडे आणता आली, तर ३ लाख रुपये मोकळे होतात. १२ टक्के व्याजाने हिशेब केला, तर वर्षाला ३६ हजार रुपये वाचतात. त्यासाठी येणे रकमांची वयानुसार विभागणी करावी. ३० दिवसांपर्यंतची, ३१ ते ६०, ६१ ते ९० आणि ९० दिवसांवरील थकबाकी, असे चार रकाने पाडावेत. प्रत्येक ग्राहकाचे नाव कोणत्या रकान्यातून कोणत्या रकान्यात सरकते आहे, हे दर महिन्याला पाहावे. सर्वांत मोठा ग्राहक हाच सर्वांत उशिरा पैसे देणारा आहे, असे आढळल्यास पुढच्या वेळी दर ठरवताना त्या विलंबाचे व्याज त्यात धरता येते.

कायद्याचाही आधार आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे चुकते करायचे असतात. ही मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही आणि करार नसल्यास १५ दिवसांची मर्यादा लागू होते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज मागण्याचा हक्क पुरवठादाराला आहे. राज्य सरकारने त्यासाठी स्थापलेल्या परिषदेकडे दाद मागता येते. मात्र किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना २०२१पासून उद्यम नोंदणी मिळू लागली, ती अग्रक्रम क्षेत्रातील कर्जाच्या लाभापुरतीच. विलंबित देण्याबाबतच्या तरतुदीचा लाभ त्यांना नाही. मोठ्या ग्राहकावर दावा करणे प्रत्येकाला परवडत नाही, हेही खरे. परंतु किती रक्कम, किती दिवस थकली आहे याची तारीखवार नोंद हाती असली, तर बोलणी करताना आवाजात बळ येते.

आकडे आणायचे कुठून?

बहुतेक आकडे आपल्याजवळ आधीच असतात. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून दुकानातील मोठा व्यवहार मोबाइलवरून होऊ लागला. त्याच्या उताऱ्यात रक्कम, तारीख आणि वेळ असते. दुपारी दोन ते चार दुकान उघडे ठेवणे परवडते का, हे त्यावरून पाहता येते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून नोंदणीकृत व्यावसायिकाच्या खरेदी-विक्रीचा तपशील विवरणपत्रांत साठत गेला आहे. पुरवठादारांनी भरलेल्या तपशिलावरून दर महिन्याला तयार होणारे 'जीएसटीआर-२बी' हे पत्रक नियमितपणे ताडून पाहणेही विश्लेषणच आहे. पुरवठादाराने बिल दाखवलेच नसेल, तर त्यावरील कराची वजावट अडकते. कमी दराने माल देणारा असा पुरवठादार शेवटी महागात पडतो.

साधने फार खर्चिक नाहीत. बंगळुरूत १९८६ साली जन्मलेले 'टॅली' अनेकांच्या दुकानात आहेच. परंतु ते केवळ कर भरण्यापुरते वापरले जाते. वस्तूनिहाय नफा, साठ्याचे वय आणि थकबाकीचे वय हे तक्ते हिशेबाच्या बहुतेक प्रणालींत तयार मिळतात. ते नसल्यास संगणकावरील किंवा मोबाइलवरील साधी स्प्रेडशीट पुरते. आणि तेही नको असेल, तर आडव्या-उभ्या रेघांची वही आहेच.

नीट नोंदींचा आणखी एक लाभ कर्ज मागताना होतो. तारण नसलेल्या लहान व्यावसायिकाला बँक प्रथम विचारते, ती त्याच्या उलाढालीबद्दल. २०२१पासून प्रत्यक्ष वापरात आलेल्या 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर' व्यवस्थेमुळे व्यावसायिकाच्या संमतीने त्याची आर्थिक माहिती कर्ज देणाऱ्या संस्थेकडे थेट जाऊ शकते. ज्याची विक्री कागदावर दिसते, त्याचे म्हणणे बँकेला पटवणे सोपे जाते. ज्याचा अर्धा व्यवहार नोंदीबाहेर आहे, त्याची अर्धी पतही नोंदीबाहेरच राहते.

आकड्यांचे भुलावे

आकडे खोटे बोलत नाहीत असे म्हणतात. पण ते सारे सत्यही सांगत नाहीत. बिलांत केवळ विकल्या गेलेल्या वस्तू दिसतात. जी वस्तू मागितली गेली आणि मिळाली नाही, तिची नोंद कुठेच होत नाही. म्हणून गल्ल्याशेजारी एक छोटी 'नाही'ची वही ठेवावी. गिऱ्हाइकाने मागितलेली आणि आपल्याकडे नसलेली प्रत्येक वस्तू तीत लिहावी. महिन्याअखेरीस तीच वस्तू पुन्हा पुन्हा दिसली, तर ती मागवून पाहावी. कोणत्याही प्रणालीतून न मिळणारी ही माहिती दोन रुपयांच्या पेनाने मिळते.

दुसरा भुलावा घरखर्चाचा. गल्ल्यातून भाजीसाठी घेतलेले दोनशे रुपये, दुकानातून घरी गेलेला तेलाचा डबा यांची नोंद झाली नाही, तर नफ्याचा आकडा चुकतो आणि चोरी झाल्याचा संशय विनाकारण मदतनिसावर जातो. तसेच स्वतःच्या आणि कुटुंबीयांच्या श्रमांची किंमत न धरल्यास तोट्यातील धंदाही फायद्याचा भासतो. वर सांगितलेल्या दुकानात पती-पत्नी दोघे रोज बारा तास उभे राहत असतील, तर उरलेल्या २० हजारांत दोघांची मजुरी तरी सुटते का, हा कठोर प्रश्न स्वतःला विचारलाच पाहिजे. घरगुती डबे किंवा फराळ विकणाऱ्या महिलांच्या बाबतीत तर ही चूक फारच सर्रास होते. गॅस, वीज आणि स्वतःचे तास न धरता दर ठरवला जातो आणि मागणी वाढली की थकवा तेवढा वाढतो.

तिसरा भुलावा घाईचा. तीन दिवस विक्री कमी झाली म्हणून निष्कर्ष काढू नये. लहान व्यवसायात चढउतार मोठे असतात. किमान चार ते सहा आठवड्यांची सरासरी पाहावी. एका वेळी एकच बदल करावा. दर, मांडणी आणि वेळ एकदमच बदलले, तर कशाचा परिणाम झाला हे कळत नाही.

शेवटी जबाबदारीचा मुद्दा. गिऱ्हाइकाचा दूरध्वनी क्रमांक, पत्ता आणि खरेदीचा तपशील ही त्याची माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला आहे. कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी शेजारधर्म आहेच. कोणाच्या घरी कोणती औषधे जातात, हे जाणणाऱ्या दुकानदाराने ती माहिती दुसऱ्याला देऊ नये. आवश्यक तेवढेच विचारावे आणि संमतीवाचून जाहिरातीचे संदेश पाठवू नयेत. लहान दुकानाचे सर्वांत मोठे भांडवल विश्वास हेच आहे.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या महिन्यात केवळ चार आकडे रोज लिहावेत. विक्री, बिलांची संख्या, दिलेली नवी उधारी आणि घरासाठी काढलेली रक्कम. दुकान बंद करताना दहा मिनिटे पुरतात. आठवड्यातून अर्धा तास काढून सरासरी बिल, संपलेल्या वस्तू आणि 'नाही'ची वही पाहावी. महिन्यातून एकदा 'अ' वर्गातील वस्तूंचा नफा, तीन महिन्यांहून अधिक पडून असलेला माल आणि उधारीची वये तपासावीत. वर्षातून एकदा कर सल्लागाराशी केवळ कराविषयी न बोलता ताळेबंदाविषयी बोलावे. त्यासाठी वेगळा तास मागून घ्यावा.

तीन महिन्यांनी एखादा अप्रिय आकडाही समोर येऊ शकतो. वडिलांच्या काळापासून ठेवत आलेला माल तोट्यात आहे, जुने स्नेही असलेले ग्राहक सर्वाधिक थकबाकीदार आहेत किंवा दुसरी शाखा पहिलीचा नफा खात आहे. अशा वेळी निर्णय आकडे घेत नाहीत, तो मालकालाच घ्यावा लागतो. स्नेह्याची उधारी चालू ठेवायची असेल, तर अवश्य ठेवावी. पण त्या स्नेहाची किंमत दरमहा किती पडते, हे ठाऊक असावे. अनेक दुकाने एका दिवसात बंद पडत नाहीत. ती वर्षानुवर्षे थोडी थोडी झिजतात आणि मालकाला ते शेवटी कळते. वही वेळेवर वाचली, तर ते आधी कळू शकते. येत्या दिवाळीत नव्या वहीची पूजा करण्यापूर्वी जुनी वही एकदा माळ्यावरून खाली काढावी आणि चार प्रश्न मनात ठेवून शांतपणे वाचावी.